पवना जलाशयात उतरण्यापूर्वी

मावळातील पवना धरणाच्या काठी तंबूत मुक्काम करणाऱ्यांची गर्दी वाढली असली, तरी तुंग आणि तिकोना या किल्ल्यांच्या पायथ्याशी पसरलेले हे पाणी पोहण्यासाठी अडवलेले नाही. पिंपरी-चिंचवडला ते पिण्यासाठी पुरवले जाते. त्यामुळे जेथे मनाईचा फलक असेल, तेथे उतरू नये. ‘सगळेच तर उतरतात’ ही काही परवानगी नव्हे.

जेथे मनाई नाही, तेथेही तळाचा विचार आधी करावा. उन्हाळ्यात पाणी ओसरले की वाघेश्वराचे जुने दगडी मंदिर उघडे पडते. पाणी चढले की ते पुन्हा बुडते आणि काठावरच्या माणसाला त्याचा मागमूसही लागत नाही. धरणाच्या बुडीत जमिनीत शेतांचे बांध, खड्डे आणि झाडांचे बुंधेही असेच दडलेले असतात, त्यामुळे कमरेएवढ्या पाण्यात चालणाऱ्याचा पाय बांधावरून सुटला की पुढच्याच पावलाला पाणी डोक्यावरून जाते. म्हणून सूर कधीही मारू नये. हातात काठी घेऊन, तळ चाचपत, सावकाश उतरावे आणि त्यापूर्वी गावातल्या मासेमारी करणाऱ्यांना जागा विचारून घ्यावी. पाय गाळात रुतल्यास जोराने उपसू नये, कारण एक पाय सोडवताना दुसरा आणखी खोल जातो. पाठीवर आडवे होऊन हातांनी पाणी मारत पाय हळूहळू मोकळे करावेत. रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटल्या रांगेने तरंगताना दिसल्या, तर तेथे जाळे असण्याची शक्यता धरून लांबूनच वळावे.

पोहणे सकाळी, वारा सुटण्यापूर्वी, सोबतीने आणि काठाला समांतर असावे. समोरचा काठ दिसतो त्याहून बराच लांब असतो. कमरेला भडक रंगाचा तरंगता फुगा बांधावा, म्हणजे बोटवाल्याला डोके दिसते. पावसाळ्यात आणि मद्यपानानंतर पाण्यात जाऊच नये.

कयाकमध्ये बसताना लाइफ जॅकेटचे सर्व पट्टे आवळावेत आणि सोबत्याला ते खांद्यांना धरून वर ओढायला सांगावे. ते कानापर्यंत सरकले, तर माप मोठे आहे. कयाक उलटली तरी तिला सोडून काठाकडे पोहत निघू नये, कारण ती तरंगत राहते आणि शोधणाऱ्यांना माणसापेक्षा लवकर दिसते.

बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही. तोंड जेमतेम पाण्याबाहेर ठेवून तो जागच्या जागी वर-खाली होत राहतो. त्याला धरायला उडी घेण्याऐवजी दोरी, लांब काठी किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन त्याच्याकडे टाकावा आणि ११२ किंवा १०८ वर फोन करावा. बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नये. श्वास नीट चालत नसेल, तर आधी तोंडाने श्वास द्यावा, मग छातीवर ३० दाब आणि २ श्वास हा क्रम मदत येईपर्यंत चालू ठेवावा. शुद्धीवर येऊन तो बोलू लागला, तरी त्याला रुग्णालयात न्यावेच, कारण फुप्फुसांचा त्रास काही तासांत वाढू शकतो.