जुन्या कॉलेजचा कायापालट करताना या चुका टाळा

नॅकचं मूल्यांकन (कॉलेजचा दर्जा ठरवणारी तपासणी) जवळ आलं असं कळलं की जुन्या कॉलेजात पहिली कुऱ्हाड कोसळते ती भिंतींवर. दगडांमधल्या दर्जा (म्हणजे सांधे) काळ्या पडल्यात ना, मग भरा सिमेंट! हे इतक्या आवारांत पाहिलंय की आता मी फाटकातून शिरतानाच आधी जोत्याकडे बघतो.

पुण्यातल्या एका कॉलेजनं चुन्यात बांधलेल्या इमारतीला सुट्टीत बाहेरून सिमेंटच्या दर्जा, आतून सिमेंटचा गिलावा आणि वर ऑइल पेंट चढवला. फोटो झकास आले. पावसाळ्यात ग्रंथालयाच्या भिंतींना पोपडे धरले, कपाटांमागे बुरशी आली. ठेकेदाराचा उपाय काय, तर वॉटरप्रूफिंग! अहो, चुन्याची भिंत ओल घेते आणि उघडीप मिळाली की सोडते. सिमेंटनं ती वाटच बुजते, ओल आत कोंडते, क्षार पृष्ठभागाशी येऊन पापुद्रे काढतात. पोरबंदरच्या मऊ दगडाचा तर दगडच झडतो. शेवटी ते सगळं सिमेंट छिन्नी-हातोडीनं, हातानं काढावं लागलं. फोडायचं मशीन, ब्रेकर, मी लावू देत नाही.

माझा शिरस्ता असा: पहिला पावसाळा छत्री घेऊन नुसतं बघायचं. पन्हळ कुठे तुंबते, पागोळ्या कुठे पडतात, कोणता कोपरा दिवाळीपर्यंत ओला राहतो. मग दुरुस्ती, तीही विरवलेला चुना आणि सुरखी (विटांची भुकटी) वापरून. एक पावसाळा थांबायला कुणी तयार नसतं, आणि सगळं नुकसान तिथूनच सुरू होतं.

दुसरी चूक नव्या इमारतीची. जुन्या इमारतीसमोरचं पटांगण ‘मोकळा प्लॉट’ समजून तिथे काचेचा ठोकळा उभा करायचा, आणि वारसा जपला म्हणून त्याला खोट्या कमानी चिकटवायच्या. मुंबईत ओव्हल मैदानावर उभे राहून बघा. पूर्वेला गॉथिक शैलीतला, 1878 साली पूर्ण झालेला राजाबाई टॉवर, हायकोर्ट. पश्चिमेला 1930च्या दशकातल्या, तेव्हाच्या नव्या आर्ट डेको शैलीतल्या इमारती. त्यांनी गॉथिकची नक्कल केली नाही. एका रांगेत, साधारण एका उंचीत राहिल्या, मैदान मोकळं राहिलं. 2018 साली युनेस्कोनं दोन्ही बाजू एकत्रच जागतिक वारशात घेतल्या. नवं बांधा, बिनधास्त आजच्या पद्धतीनं बांधा, पण रांग, उंची आणि मधली जागा सांभाळा.

बाकीच्या चुका थोडक्यात. सागवानी खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या बसवू नका. सडलेला तुकडा तेवढा बदलता येतो. एसीचे आउटडोअर युनिट दर्शनी भिंतीवर नको. केबलसाठी भोक पाडायचंच तर दर्जेत पाडा, दगडात नाही. पेव्हर ब्लॉक जोत्याला आणि झाडाच्या बुंध्याला भिडवू नका. दगडावर सँडब्लास्टिंग (वाळूच्या फवाऱ्यानं सफाई) कधीच नाही. रॅम्प हवाच, मुख्य दारालाच हवा, फक्त जुन्या पायऱ्या न फोडता.

आणि मुंबईसारखं जिथे हेरिटेज समितीची परवानगी लागते, तिथे टेंडर काढायच्या आधी आराखडा समितीपुढे न्या.