लग्नसराईआधी रंगचित्रांची तयारी

तुळशीचं लग्न लागलं की स्टुडिओत उसंत मिळत नाही, म्हणून फोटोवरून करायच्या रंगचित्रांची तयारी नवरात्रातच उरकून घ्यावी. सुरुवात नावांपासून. ‘ऑइल इफेक्ट’, ‘आर्ट स्टाइल दोन’ ही नावं आपल्या कॉम्प्युटरची. ती ऐकून गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. ‘वाड्यातलं तैलचित्र’ म्हटलं की गडद तपकिरी पार्श्वभूमी आणि एका बाजूने चेहऱ्यावर पडलेला उजेड लगेच दिसतो. कडेला विरत जाणाऱ्या रंगांना ‘पावसाळी जलरंग’, आणि लहान मुलांसाठी ‘पाटीवरचा खडू’. तीन पुरेत. सहा ठेवले की मंडळी ‘घरी विचारून सांगतो’ म्हणत उठतात.

‘हाताने रंगवलेलं’ हा शब्द मात्र जपून वापरा. सॉफ्टवेअरचं काम असेल तर तसं सांगा, प्रिंटवर नंतर ब्रशने पारदर्शक जेलचे फटकारे मारले असतील तर तेही सांगा. आम्ही बाबूराव पेंटरांच्या कोल्हापूरचे; इथे ब्रश धरणाऱ्याचा मान मोठा आहे आणि तो खोटं बोलून घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

मग प्रत्येक शैलीचा एकेक नमुना फ्रेम करून भिंतीवर लावा, तोही 20 बाय 30 इंचांचा. मोबाइलवर दाखवून मोठी ऑर्डर मिळत नाही. आमच्या तैलचित्राच्या नमुन्यात नऊवारीतल्या एक आजी आहेत. पहिल्या खेपेला नथीचे मोती एकमेकांत मिसळून नुसता पांढरा ठिपका झाला, पदरावरचा मोर तर ओळखूच येईना. पुन्हा बसून डोळे, नथ आणि काठ यांवर ब्रश अगदी बारीक ठेवला, बाकी साडी मोकळ्या हाताने सोडली. आता लोक नथीपाशी बोट नेऊन थांबतात. आजींची लेखी परवानगी अर्थातच घेतलेली आहे.

शैली फोटो काढण्याआधीच ठरवून घ्या, कारण समोरून सपाट लाइट मारलेल्या फोटोचं तैलचित्र निर्जीव दिसतं. तैलचित्राला लाइट बाजूने, जलरंगाला मागे फिका पडदा. फोटो काढताना डोक्यावर आणि बाजूंना भरपूर जागा सोडा; कॅनव्हास चौकटीवर ताणताना चारही कडांना 2-2 इंच मागे वळतात. 24 मेगापिक्सेलची फाइल 20 बाय 30 ला इंचाला 200 पिक्सेल देते. कॅनव्हासला तेवढं चालतं. दर फ्रेमसकट एकच सांगा.

देवाघरी गेलेल्या माणसाचा जुना फोटो कुणी घेऊन आलं, तर मात्र शैलीचं नाव काढूच नका. त्यांना बसवा, पाणी द्या, आणि वर्ण कसा होता, फेटा कुठल्या रंगाचा बांधायचे, हे विचारून वहीत लिहून घ्या. ब्लॅक अँड व्हाइट फोटोत ते दिसत नाही.