सुपरहिरो बनवताना आधी मर्यादा, मग शक्ती

म्यूटंट्स अँड मास्टरमाइंड्स या सुपरहिरोंच्या रोल-प्लेइंग खेळाच्या तिसऱ्या आवृत्तीत पॉवर लेव्हल (ताकदीची पातळी) 10 च्या हिरोला 150 पॉइंट मिळतात; त्यांतूनच त्याचे गुण आणि शक्ती विकत घ्यायच्या. नवखे खेळाडू सगळ्यात आधी शक्तींच्या यादीत घुसतात आणि निम्मे पॉइंट उडवून बसतात. त्याआधी कागदावर तीन बेरजा मांडा: हल्ल्याचा बोनस आणि डॅमेज, डॉज (लांबचा मारा चुकवणं) आणि टफनेस (मार सोसणं), फॉर्टिट्यूड (शरीराचा चिवटपणा) आणि विल (मनोबल). एकेक बेरीज जास्तीत जास्त 20. पॅरी (जवळचा वार चुकवणं) आणि टफनेसलाही हाच नियम. हल्ल्याचा बोनस 8 असेल तर डॅमेज 12 पर्यंत नेता येतं. बेरीज 20 पेक्षा फार खाली ठेवलीत, तर हिरो पहिल्याच मारामारीत आडवा होतो.

आता खरी काटकसर. लांबून मारायच्या डॅमेजला रँकमागे (शक्तीच्या दर पायरीमागे) 2 पॉइंट, म्हणजे 12 रँकचा आगीचा झोत 24 ला पडतो. त्याच्याच जोडीला 24 पॉइंटपर्यंतची दुसरी शक्ती, समजा धुराचा पडदा, पर्यायी शक्ती म्हणून घेतली की फक्त 1 पॉइंट! मेख एकच: दोन्ही एकाच वेळी चालत नाहीत. उड्डाण या गटात कोंबलंत, तर झोत सोडताच उडणं बंद, आणि हिरो धाडकन खाली. उड्डाण वेगळंच विकत घ्या.

कॉम्प्लिकेशन, म्हणजे हिरोच्या आयुष्यातल्या अडचणी, किमान दोन लागतात, त्यातली एक प्रेरणा, म्हणजे हिरो का लढतो ते. ‘शूर आहे’ असलं गुळमुळीत नको. ‘धाकटा भाऊ खलनायकाच्या टोळीत’ असं लिहा. गेममास्टरने (खेळ चालवणाऱ्याने) ती अडचण वापरली की हिरो पॉइंट, म्हणजे ऐनवेळी वापरायची सवलत, मिळतो.