इम्प्लिसिट डिफरन्शिएशनने कर्व्हचा स्लोप कसा काढायचा, आणि एक्सवाय कुठे गंडवतो

चेन रूल आणि प्रॉडक्ट रूल येतो असं धरून चालतोय. येत नसेल तर आधी ते करून या, कारण इथे नवीन नियम एकही नाही, तेच दोघे जरा वेष बदलून येतात.

गणित घेऊ: एक्स वर्ग + एक्सवाय + वाय वर्ग = ७. हे तिरकं पडलेलं लंबवर्तुळ आहे आणि आपल्याला (१, २) या बिंदूपाशी त्याचा स्लोप हवाय. बिंदू कर्व्हवर आहे ना ते बघा: १ + २ + ४ = ७, आहे.

आता कोणीतरी सांगणारच की आधी वाय एकटा डावीकडे काढून घे, मग नेहमीसारखं डिफरन्शिएट कर. नका ऐकू. इथे तसं केलं तर वर्गसमीकरणाचं सूत्र, त्यातलं वर्गमूळ आणि वर ते प्लस-मायनस, म्हणजे कुठली बाजू घ्यायची ते पण तुम्हीच ठरवा. घनाचं समीकरण आलं की तर बघायलाच नको. समीकरण आहे तसंच ठेवा आणि दोन्ही बाजूंचं एक्सच्या संदर्भात डेरिव्हेटिव्ह घ्या, यालाच इम्प्लिसिट डिफरन्शिएशन म्हणतात.

एक्स वर्गचं २एक्स. उजवीकडच्या ७ चं शून्य (हे हसण्यावारी नेऊ नका, ७ तसाच खाली उतरवलेला मी कितीदा बघितलाय).

वाय वर्गचं २वाय गुणिले वाय डॅश. वाय डॅश म्हणजे डीवाय बाय डीएक्स, लिहायला सुटसुटीत म्हणून. तो डॅश येतो कुठून? वाय हा सुटा आकडा नाही, एक्स हलला की कर्व्हवर राहण्यासाठी वायलाही हलावं लागतं, म्हणजे वायच्या पोटात एक्स लपलेला आहे. म्हणून आधी बाहेरच्या वर्गाचं डेरिव्हेटिव्ह, मग आतल्या वायचं. झाला चेन रूल.

आणि आता मधली टर्म, एक्सवाय. इथे मी स्वतः बरेच दिवस आपटलोय. मला शिकवलेलं की "वाय दिसला की मागे वाय डॅश चिकटवायचं", बस्स, एवढंच. मग मी काय करायचो, एक्सचं डेरिव्हेटिव्ह १, वायचं वाय डॅश, दोघांचा गुणाकार वाय डॅश, खूष. मग २एक्स + वाय डॅश + २वाय वाय डॅश = ०, त्यातून स्लोप यायचा मायनस २/५, दिसायला अगदी सज्जन उत्तर, शंका पण येत नाही, आणि साफ चूक. कारण एक्सवाय हा गुणाकार आहे आणि त्यातले दोघंही हलतात. एकदा एक्सला हलवायचं आणि वायला तसाच ठेवायचा: वाय. मग एक्स तसाच आणि वायला हलवायचं: एक्स गुणिले वाय डॅश. दोघांची बेरीज, वाय + एक्स वाय डॅश. म्हणजे एका टर्मच्या दोन टर्म होतात आणि त्यातल्या पहिलीला डॅश नसतो! ते "चिकटवायचं" वालं वाक्य इथेच तोंडघशी पाडतं. आणि टर्मच्या आधी मायनस असेल तर दोन्ही टर्म कंसात टाका, नाहीतर मायनस पहिलीलाच लागतो आणि दुसरी मोकळी सुटते.

अजून एक सवय मोडा: ओळीच्या सुरुवातीला उगाच "डीवाय बाय डीएक्स =" लिहायची. ते उत्तर आहे, ते आधीच लिहिलंत तर पुढे तीच गोष्ट दोनदा मोजाल. आणि हाताने लिहिताना डॅश पुसट होतो किंवा १ सारखा दिसतो म्हणून मी प्रत्येक वाय डॅशभोवती गोल काढतो, अजूनही.

तर पूर्ण ओळ: २एक्स + वाय + एक्स वाय डॅश + २वाय वाय डॅश = ०. गोलवाले एकीकडे, बाकीचे दुसरीकडे, वाय डॅश कॉमन काढा, भागा. वाय डॅश = मायनस (२एक्स + वाय) भागिले (एक्स + २वाय). (१, २) टाकलं की मायनस ४/५.

बरोबर आलं का ते मी आकड्याने तपासतो. एक्स १.०१ घेऊन मूळ समीकरणातून वाय काढला तर साधारण १.९९२ येतो. म्हणजे ०.०१ पुढे गेलो आणि ०.००८ खाली आलो, मायनस ०.८. माझं जुनं मायनस २/५ इथे लगेच पकडलं गेलं असतं.

उत्तरात एक्स आणि वाय दोन्ही आले म्हणून घाबरू नका, ते यायलाच हवेत. एक्स = १ ला या कर्व्हवर दोन बिंदू आहेत, (१, २) आणि (१, मायनस ३), आणि दुसरीकडे स्लोप मायनस १/५ आहे. नुसता एक्स सांगून भागणार कसं?

वाय डॅशच्या अपूर्णांकात खालचा भाग शून्य आणि वरचा नाही, तर टँजंट (स्पर्शरेषा) उभी. दोन्ही शून्य आले तर मात्र थांबा. एक्स घन + वाय घन = ६एक्सवाय घ्या, अशाच कर्व्हची टँजंट काढून दाखव म्हणून गणितज्ञ देकार्तने १६३८ मध्ये फर्मा या दुसऱ्या गणितज्ञाला आव्हान दिलेलं आणि फर्माने ती काढली. (३, ३) ला आपल्या पद्धतीने मायनस १ आरामात येतो, पण (०, ०) ला ०/० येतं. तिथे तुमचं काही चुकलेलं नाही, कर्व्ह तिथे स्वतःलाच छेदून जातो, एक फांदी एक्स अक्षाला टेकून आणि दुसरी वाय अक्षाला, त्यामुळे त्या बिंदूला एक असा स्लोपच नाही.