मृग तोंडावर आलाय, कळपातला बोकड आधी बदला

पाऊस पडून कोवळा चारा फुटला की शेळ्या भराभर माजावर येतील. गाभणकाळ सरासरी 150 दिवसांचा. म्हणजे जूनअखेर भरलेली शेळी नोव्हेंबरअखेर विणार. तेव्हा टाळू फाटलेली, खालचा जबडा आखूड, शेपटीखाली भोकच नाही अशी करडं निघाली, की लोक ग्रहणाला बोल लावतात. ग्रहणाचा इथे काही संबंध नाही. बहुतेक ठिकाणी तीन-तीन वर्षं एकच बोकड असतो आणि त्याच्याच लेकी त्याच्याकडून भरतात. शेळीत नि बोकडात लपून राहिलेला दोष अशा नात्यातल्या पिल्लात दुहेरी येतो आणि अंगावर दिसतो.

दोन तोंडांचं करडू ही मात्र वेगळी गोष्ट. गर्भ जुळा होता होता अर्धवट राहतो, त्यात बोकडाचा दोष सहसा नसतो. त्याला हळदकुंकू वाहायला गर्दी जमते. गुदद्वार बंद असलेलं करडू मात्र पोट फुगून दोन-चार दिवसांत मरतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. करडू पडल्याबरोबर शेपटी उचलून बघा. डॉक्टर लवकर आले तर वाट करून देता येते, पण ते करडू पैदाशीला ठेवायचं नाही.

बोकड निवडताना शिंगं बघा. उस्मानाबादी जातीत बिनशिंगी शेळ्या बऱ्याच असतात. बिनशिंगी शेळीला बिनशिंगी बोकड दाखवला, तर काही पाटी (मादी करडं) धड शेळी ना धड बोकड अशा निघतात; त्या कधी गाभण राहत नाहीत. शिंगवाला बोकड घेतला की हा प्रश्न मिटतो. खर्च शून्य.

दुकानदार या दिवसांत ‘गर्भ सुधारणारं’ टॉनिक गळ्यात मारतो. रक्तात उतरलेला दोष बाटलीने जात नाही. तेच पैसे बोकडात घाला, तोही दुसऱ्या तालुक्यातला, जुळी देणाऱ्या शेळीचा. करडं जन्मल्यावर उठायला वेळ लावत असतील, तर मला आधी नात्याचाच संशय येतो. पुस्तकात असं लिहिलेलं नाही, माझा आपला अंदाज.

जंताच्या औषधातही इथेच चूक होते. नुकत्या भरलेल्या शेळीला अल्बेंडाझोल पाजू नका, पहिल्या महिन्यात गर्भात व्यंग येऊ शकतं. फेनबेंडाझोल चालतं, किलो वजनाला 5 ते 10 मिलिग्रॅम, डॉक्टरांना विचारून.

बाकी कामं:
– आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होण्याचा रोग) लस पावसाआधी
– पीपीआर या साथीच्या रोगाची लस राहिली असेल तर तीही
– खनिज मिश्रण, शेळीला रोज 10 ग्रॅम
– गोठ्यात चुना, गोचीड बघणे
– 20-25 शेळ्यांमागे एक बोकड

आणि घरचे नर तीन महिन्यांचे झाले की वेगळे बांधा किंवा खच्ची करा. चार-पाच महिन्यांचा नर आईलाही भरवतो, आणि मग नवा बोकड आणूनही उपयोग होत नाही.