नादारी जाहीर झाली, आता पगारातलं हातात किती राहतं आणि काय काय पाळायचं

मी सोलापुरात एका वकिलांकडं क्लार्क आहे, नादारीचे, म्हणजे कर्ज फेडता येत नाही असं कोर्टाकडून जाहीर करून घ्यायचे, कागद रोज नाही पण वर्षातून चार-दोन वेळा तरी हातातून जातात. अर्ज मंजूर झाला की लोकांना वाटतं सुटलो. अक्कलकोट रोडला आठ माग चालवणारा एक जण होता, टॉवेलचा धंदा बसला, सूतवाल्याची बाकी, बँकेची बाकी, हातउसने वेगळेच. कोर्टानं नादार जाहीर केलं त्या दिवशी पेढे घेऊन ऑफिसात आला. मी पुडा बाजूला ठेवला आणि ऑर्डरवर बोट ठेवून त्याला एक ओळ वाचून दाखवली, डिस्चार्जचा, म्हणजे जुन्या देण्यांतून सुटका मागायचा, अर्ज किती मुदतीत करायचा ती. ती ओळ त्यानं वाचलीच नव्हती.

पहिल्यांदा एक गोंधळ मिटवूया. २०१६चा जो नवा दिवाळखोरी कोड आहे ना, त्यातला माणसांसाठीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो फक्त कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना. तुमच्या-माझ्यासारख्याला सोलापुरात अजून १९२०चाच प्रांतिक नादारी कायदा, अन् अर्ज जिल्हा न्यायालयात.

ऑर्डर झाली की तुमची मालमत्ता कोर्टाच्या किंवा रिसीव्हरच्या (मालमत्ता सांभाळायला कोर्टानं नेमलेल्या माणसाच्या) ताब्यात जाते, आणि डिस्चार्ज होईपर्यंत पुढं जे मिळेल, म्हणजे वाटणीत आलेला प्लॉट वगैरे, तेही जातं. पण जे जप्तीतून वगळलेलं आहे ते तुमचंच राहतं. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारं, बायकोचं मंगळसूत्र, पीएफ, तुमच्या आयुर्विम्याचे पैसे. मशीनवर बँकेचं तारण असेल तर मात्र बँक ते मशीन घेऊ शकते, तिथं नादारी आडवी येत नाही.

आता पगार. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० सांगतं, पहिले १००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश हात लावायचे नाहीत. समजा कारखान्यात सुपरवायझर म्हणून २२००० मिळतात. हजार बाजूला काढा, राहिले २१०००, त्याचे दोन तृतीयांश १४०००. म्हणजे १५००० तुमचे, ७००० पर्यंत देणेकऱ्यांकडं जाऊ शकतात. पोटगीचा हुकूमनामा असेल तर ही सूट अशी मिळत नाही. आणि मागावर किंवा विडी कारखान्यात मजुरीवर काम करत असाल तर मजुरी जप्तच होत नाही, हे कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितोय.

डिस्चार्ज देताना कोर्ट अट घालू शकतं, की पुढच्या कमाईतून इतके इतके भरायचे. म्हणून तारखेला जाताना महिन्याचा खरा हिशोब लिहून न्या: घरभाडं, शाळेची फी, आईची औषधं, लाईट बिल, पावत्या सगळ्या जोडून. लोक इथं कमाई कमी दाखवतात, नका करू, मालमत्ता किंवा हिशोबाची वही लपवली तर वर्षापर्यंत कैद आहे. नादारीच्या अर्जाआधीच्या दोन वर्षांत मेहुण्याच्या नावावर फुकट केलेला प्लॉट रिसीव्हर परत ओढून आणू शकतो, आणि अर्जाच्या आधी तीन महिन्यांत एकाच देणेकऱ्याला मुद्दाम चुकता केलेला पैसासुद्धा.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते उधारीत. डिस्चार्ज न झालेल्या नादारानं ५० रुपये किंवा त्याहून जास्त उधार घेतले आणि समोरच्याला आपण नादार आहोत हे सांगितलं नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. पन्नास रुपये! रक्कम १९२०ची आहे पण कायद्यात आजही तेवढीच आहे. किराणावाल्याला आधी सांगा, मग वहीत नाव लिहायला लावा, लाजू नका. बाकी निर्बंध थोडक्यात: महापालिका-ग्रामपंचायतीला निवडून येता येत नाही, आमदार-खासदार होता येत नाही, कंपनीचा डायरेक्टर राहता येत नाही. स्वतःचा धंदा किंवा नोकरी करायला बंदी नाही.

डिस्चार्जला कोर्ट बघतं मालमत्तेतून रुपयाला आठ आणे तरी सुटतात का. नसतील सुटत तर ते तुमच्या हाताबाहेरच्या कारणानं झालं हे दाखवावं लागतं, आणि मागच्या तीन वर्षांची कीर्द-खतावणी नीट आहे का, जुगार-सट्टा झाला का, तेही बघितलं जातं. त्या टॉवेलवाल्याच्या वह्या पावसात भिजून शाई पसरलेल्या होत्या, आम्ही दोघांनी चार रात्री बसून सूतवाल्यांच्या बिलांवरून परत लिहून काढल्या, आणि भिजलेल्या मूळ वह्याही तशाच सोबत जोडल्या. फेकू नका, काहीही झालं तरी वही फेकू नका.

डिस्चार्ज मिळाला तरी सरकारची बाकी, फसवून घेतलेलं कर्ज आणि पोटगी माफ होत नाही, आणि तुमच्यासाठी सही केलेला जामीनदार तसाच अडकलेला राहतो, त्याला जाऊन आधी भेटा. अर्ज मुदतीत केला नाही तर नादारीची ऑर्डरच रद्द होऊ शकते, मग सगळे देणेकरी परत दारात. त्या टॉवेलवाल्यानं ती तारीख घरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं गोल करून ठेवली होती, अन् मुदतीच्या पंधरा दिवस आधीच अर्ज घेऊन आला.