इसार देण्याआधी: मराठवाड्यात जमीन घेताना काढायचे आणि वाचायचे कागद

सौदा तोंडी ठरला की विकणारा सातबाऱ्याची झेरॉक्स हातात देतो आणि बहुतेकांची चौकशी तिथेच संपते. सातबारा ही महसुली नोंद आहे. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५७ प्रमाणे ती खरी धरतात, पण कुणी उलट सिद्ध करेपर्यंतच. ती झेरॉक्स बाजूला ठेवा. महाभूमी या सरकारी संकेतस्थळावरून १५ रुपये भरून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा स्वतः काढा आणि सोबत आठ-अ, म्हणजे खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा उतारा, घ्या. खाली प्रलंबित फेरफाराची (हक्क बदलल्याच्या नोंदीची) खूण दिसली तर तो मंजूर किंवा रद्द होईपर्यंत पैशाचं बोलू नका.

पहिली नजर भूधारणा पद्धतीवर टाका. भोगवटादार वर्ग १, म्हणजे विकायला सरकारी परवानगी न लागणारी जमीन असेल तर पुढे वाचा. वर्ग २ असेल तर परवानगी कुणाची आणि नजराणा (सरकारला भरायची रक्कम) किती, हे लेखी कळल्याशिवाय इसार देऊ नये. सिलिंगची (कमाल मर्यादेपेक्षा जास्त म्हणून सरकारने घेऊन वाटलेली), गायरानातून वाटलेली, इनामाची अशा जमिनी वर्ग २ मध्ये असतात. मराठवाड्यात कुळाच्या जमिनीला हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९५० लागतो, म्हणून ‘इतर अधिकार’ रकान्यात ३८-ई किंवा ५०-ब असा त्यातल्या कलमाचा शेरा सापडतो. पुण्याकडच्या ओळखीच्या वकिलाला तिकडच्या कुळकायद्याचं कलम ४३ पाठ असेल, इथल्या कामाला इथलाच वकील बरा. इनामातही भेद आहे. मदतमाश माणसाच्या निर्वाहासाठी दिलेली, खिदमतमाश देवळाच्या किंवा दर्ग्याच्या सेवेसाठी. सेवेची जमीन कसणाऱ्याच्या मालकीची नसते, त्याच्या तीन पिढ्या तिथं राबल्या असल्या तरी. दर्गा-मशिदीचा संबंध दिसला तर छत्रपती संभाजीनगरच्या वक्फ मंडळाकडे गट नंबर तपासून घ्यावा.

आता खरं काम, म्हणजे फेरफार. सातबाऱ्यावर जेवढे फेरफार क्रमांक दिसतात तेवढ्या सगळ्यांच्या नकला काढा आणि शेवटच्यापासून मागे वाचत जा. मागचं टोक म्हणजे १९५४-५५ चं खासरा पत्रक, त्या वेळची जमिनीची नोंद. ते तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतं. मधल्या काळात एकत्रीकरणाने सर्व्हे नंबरचे गट झाले असतील तर जुना नंबर कोणत्या गटात गेला ते भूमी अभिलेखकडच्या योजनापत्रकावरून जुळवा. इथे नंबर चुकला तर पुढचा सगळा तपास दुसऱ्याच जमिनीचा होतो. निजामाच्या वेळचा उर्दू कागद निघाला तर जाणकाराकडून वाचून घ्या. त्यावर फसली साल असेल तर ५९० मिळवा, १३५८ फसली म्हणजे साधारण १९४८.

फेरफारात सर्वात जास्त घोळ वारसांचा असतो. बाप वारला, तिघा भावांची नावं लागली, बहिणी सासरी म्हणून नोंदच नाही. त्यांचा हिस्सा त्याने जात नाही. नोंदणीकृत हक्कसोडपत्र दाखवा म्हणावं, नाहीतर बहिणींच्या सह्या खरेदीखतावरच घ्याव्यात. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. ती अक्षरं नावापुढे असतील तर जमीन त्या एकट्याची नाही. ‘अ.पा.क.’ (अज्ञान पालनकर्ता) असेल तर मालक अज्ञान आहे किंवा नोंदीच्या वेळी होता. तो अजून अज्ञान असेल आणि जमीन त्याच्या स्वतःच्या मालकीची असेल, तर न्यायालयाच्या परवानगीशिवाय पालकाने केलेली विक्री त्याला सज्ञान झाल्यावर रद्द करून घेता येते.

बोजाचं थोडक्यात. गावच्या सोसायटीचा इकरार (कर्जासाठी जमीन तारण असल्याचा करार) आणि बँकेचं कर्ज दोन्ही इतर अधिकारात येतं. बेबाकी (कर्ज फिटल्याचा) दाखला मिळाला म्हणून बोजा उतरत नाही, फेरफार होऊन शेरा निघाला पाहिजे. दुय्यम निबंधकाकडे तीस वर्षांचा सर्च घ्या. सूची दोन, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा, २००२ पासूनची ऑनलाइन दिसते, त्याआधीची कार्यालयात जाऊन पाहावी लागते. दिवाणी दाव्यासाठी ई-कोर्टावर विकणाऱ्याच्या नावाने शोधा. वहिवाटीचं भांडण उपविभागीय अधिकाऱ्याकडेही चालू असू शकतं.

मग शिवारात जा. सातबाऱ्यावर ०.८० हेक्टर असेल आणि बोलीत ‘दोन एकर’ म्हणत असतील तर ८० आर म्हणजे ७९ गुंठेच भरतात. त्यात पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन) किती ते वेगळं बघा. हद्द कायम मोजणी करून ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, घ्या. धुरा (बांध) सरकलेला असला तर तो मोजणीतच कळतो. रस्ता गावनकाशावर आहे की शेजाऱ्याच्या धुऱ्यावरून चालू दिलेली वाट आहे, हे शेजाऱ्यालाच विचारा. विहिरीत किती हिस्सा, पाण्याची पाळी कशी आणि मोटारीचं वीज कनेक्शन कुणाच्या नावावर, हे खतात लिहून घ्या. आपल्याकडे पाण्याविना जमिनीचा भाव निम्माही धरवत नाही.

तुकडा घेत असाल तर २०२३ च्या अधिसूचनेप्रमाणे जिरायत २० गुंठे आणि बागायत १० गुंठे या प्रमाणभूत क्षेत्राखाली शेतीची खरेदी अडकते. गुंठाभर प्लॉटसाठी ग्रामपंचायतीचा नमुना आठ दाखवतात. तो कराचा कागद आहे, एनए (अकृषिक) आदेश आणि मंजूर लेआउट वेगळा मागा. शेती घेणाऱ्याकडे स्वतः शेतकरी असल्याचा पुरावा लागतो.

वकिलाकडून वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या आणि हरकतीला पंधरा दिवस ठेवा. खरेदीखताच्या दिवशी सकाळी पुन्हा एक सातबारा काढा. इसार आणि खत यांच्यामध्ये बोजा चढलेला असू शकतो.